गवतातली शाळा

१९४५ सालात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दोन गोष्टी घडल्या. २३ मे रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली आदिवासी जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरवून उठले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, समुद्राकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पहिल्या घटनेचा इतिहास लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, पुस्तकांत सापडतो, दुसरीचा बालशिक्षणाच्या. ग्रंथालयात ही दोन कपाटं बहुधा वेगवेगळ्या दालनांत असतात, आणि एका कपाटाचा वाचक दुसरं उघडायला क्वचितच जातो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मात्र या दोन्ही गोष्टी एकाच घरात शिरल्या होत्या. बाप मोर्चाला गेलेला आणि पोर गुरांमागे, असं ते घर.

आधी गवताबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय यातलं काहीच नीट कळत नाही.

डहाणूच्या पूर्वेला डोंगर लागतात तिथून पुढे भाताची खाचरं थोडी आणि कुरणं फार. जमीन एके काळी आदिवासींची. सावकारीच्या वह्यांतून, खंडाच्या थकबाकीतून, पावसाळ्यात घेतलेल्या खावटीच्या दामदुपटीतून ती एका-दोन पिढ्यांत जमीनदारांच्या नावावर गेली. त्या जमिनीवरचं गवत मुंबईच्या तबेल्यांना लागायचं. पाऊस उघडला की कापणी सुरू व्हायची. कापायचं वारल्यांनी, गंजी रचायच्या त्यांनीच, आणि पैसे मोजायचे व्यापाऱ्याच्या लहरीप्रमाणे. मजुरी मोजली जायची हे म्हणणंही पुष्कळ ठिकाणी सभ्यपणाचं होतं, कारण बरीचशी कामं वेठीवरच उरकली जात. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण 'लग्नगडी' व्हायचा, म्हणजे बायकोसकट मालकाच्या घरी राबायचा. कर्ज किती आणि ते कधी फिटलं, हे सांगणारी वही मालकाकडे. ती वाचता येणारा माणूस पाड्यावर नाही.

हे काही फक्त कम्युनिस्टांनी रंगवलेलं चित्र नाही. मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या गोऱ्या अधिकाऱ्याकडून डोंगराळ भागातल्या आदिवासींची पाहणी करून घेतली होती, आणि १९३९ साली छापलेल्या त्याच्या अहवालात वेठ, मारहाण, बायकांवरचे अत्याचार, सावकारी हिशेब हे सगळं सरकारी भाषेत लिहून ठेवलेलं आहे. अहवाल आला, वाचला गेला, फायलीत गेला. गवत पुढच्या वर्षीही तसंच कापलं गेलं.

१९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगावकडचे काही वारली गेले, त्यांनी सभेचं काम करणाऱ्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांना आपल्या भागात बोलावलं, आणि मे महिन्यात झरीची सभा झाली. गोदावरीबाई पुण्याकडच्या सुस्थितीतल्या घरातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात घेतलेल्या पहिल्या बाई. त्या पाड्यापाड्यांतून चालत फिरल्या, झोपड्यांत राहिल्या, आंबील प्यायल्या. लोक त्यांना गोदूताई म्हणू लागले. वेठ बंद झाली, लग्नगडी मोकळे झाले. मग गवताचा हंगाम आला, आणि पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा उचलायचा नाही, असं वारल्यांनी ठरवलं. जमीनदार हादरले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड पडले, त्यांच्यासह पाच जण गेले. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं. संप मोडला नाही.

या सगळ्यावर गोदावरीबाईंनी लिहिलेलं 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली आलं. दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लढ्याची हकिगत म्हणून ते वाचलं जातंच. पण वहीवर आंगठा उठवणारा माणूस हिशेब विचारायला कसा शिकतो, हेही त्यात आहे, आणि त्या अर्थाने मी त्याला शिक्षणावरचं पुस्तक समजतो.

आता बोर्डी.

बोर्डी गाव डोंगरातलं नाही. समुद्र, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या, पारशी आणि इतर सुस्थितीतली घरं. गोखले एज्युकेशन सोसायटीने तिथे १९२०मध्ये हायस्कूल काढलं, आणि आचार्य शंकरराव भिसे यांच्यासारखी माणसं तिथे शिकवत होती. भिसे आदिवासींच्या कामातही होते. शहरातून येणाऱ्या कार्यकर्त्याला पाय टेकायला जागा मिळेल असं ते गाव. ताराबाई तिथे आल्या तेव्हा त्यांचं वय ५३ होतं.

ताराबाई मूळच्या केळकर. घर प्रार्थना समाजाचं, जन्म मुंबईचा, १८९२चा. १९१४ साली बी. ए. झाल्या. संसार टिकला नाही. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या, तिथून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या, आणि दोघांनी मिळून माँटेसोरीचं काम गुजरातीत आणलं. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. पुढे दादरला शिशुविहार. म्हणजे बोर्डीला येण्याआधीच त्यांचं एक आयुष्य पूर्ण झालेलं होतं, आणि ते यशस्वीही होतं. पेच त्या यशातच होता. मारिया माँटेसोरीने आपलं पहिलं बालघर १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत, कामगारांच्या पोरांसाठी काढलं होतं. तीच पद्धत हिंदुस्थानात येईपर्यंत पॉलिश केलेल्या लाकडी साधनांची, फी भरू शकणाऱ्यांची होऊन बसली. दादरची मुलं गोड आवाजात गाणी म्हणत होती. खेड्यात या शाळेचं काय होईल, हा प्रश्न गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणविचाराच्या चर्चेतही होता आणि ताराबाईंच्या मनातही.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ आल्या. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात या दोन वाक्यांनंतर पोरीची गोष्ट संपायची. अनुताई शिकल्या, मास्तरीण झाल्या, चांदवडकडे आणि मग पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलं, रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक केलं. १९४५ साली बोरिवलीला ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. हुजूरपागेतली बारा-तेरा वर्षांची पक्की नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. बी. ए. झाल्या १९६१मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, काम चालू असताना.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि पहिली अडचण लगेच पुढे आली. मुलं येत नव्हती. गावातल्या बऱ्या घरांतली यायची, ज्यांच्यासाठी केंद्र काढलं ती यायची नाहीत. आई-बाप पहाटे कामावर, मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन घरात. शाळेची घंटा ऐकणारं कोणी नव्हतं आणि ऐकली तरी तिचा अर्थ लागत नव्हता. मग या दोघी वस्तीत जाऊ लागल्या. अंगणात बसायचं, केरसुणीने जागा झाडायची, मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, आणि जे हाताला लागेल त्यावर खेळ मांडायचा. शिंपले, चिंचोके, पानं, खडे, बोंडं. माँटेसोरीच्या लाकडी नळकांड्यांनी जे साधायचं तेच, लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत, मुलांनी वेचून आणलेल्या वस्तूंतून. एका ठिकाणी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तीत जाऊन भरणारी ती अंगणातली बालवाडी, असे दोन प्रकार ताराबाईंनी केले. 'अंगणवाडी' या शब्दाचा उगम याच अंगणाशी जोडला जातो.

अंघोळीबद्दल थोडं थांबतो. बोर्डी-कोसबाडच्या हकिगतींत स्वच्छता फार येते. मुलांना न्हाऊ घालणं, उवा काढणं, खरूज धुणं. आजच्या वाचकाला त्यात वरच्या जातींच्या घरांतून आलेला सोवळा डोळा दिसेल, आणि तो अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. 'संस्कार' हा शब्द त्या लिखाणात सढळ हाताने वापरलेला आहे. पण ज्या काळात या पोरांच्या अंगाला हात लावणं हेच मुळात कोणी करत नव्हतं, त्या काळात दोन शिकलेल्या बायका दररोज सकाळी त्यांचे पाय धुवत बसत होत्या, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वाक्यात ठेवल्याशिवाय या कामाचा न्याय होत नाही.

अकरा-बारा वर्षं बोर्डीत गेली. १९५७मध्ये केंद्र कोसबाडला हललं. गोखले सोसायटीची तिथे जागा होती, आणि मुख्य म्हणजे ती टेकडी पाड्यांच्या मध्ये होती. पायथ्याशी वारली, दुबळा, धोडी, काथोडी यांची वस्ती. किनाऱ्यावरून आदिवासींसाठी काम करणं आणि आदिवासींत राहून करणं यातलं अंतर मैलांत मोजलं तर थोडंच भरतं. अनुताईंच्या आत्मचरित्राचं नावच 'कोसबाडच्या टेकडीवरून' आहे.

टेकडीवर जे उभं राहिलं त्याला त्यांनी विकासवाडी म्हटलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. आज हे कोणत्याही शैक्षणिक संकुलाच्या जाहिरातीसारखं वाटेल. कारण मात्र अगदी घरगुती होतं. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? कडेवर भाऊ आहे म्हणून. तर भावासकट येऊ दे. भाऊ पाळण्यात, तिच्या डोळ्यांसमोर, आणि ती पाटीसमोर. पाळणाघर ही लहान मुलांची सोय होती त्याहून जास्त मोठ्या बहिणीची होती.

आणि तरी एक गट उरला ज्याचा प्रश्न पाळण्याने सुटत नव्हता. गुराख्यांचा. सहा-सात वर्षांचं पोर मालकाची गुरं घेऊन सकाळी निघायचं ते दिवस मावळताना परतायचं. मोबदला म्हणजे पोटाला अन्न आणि वर्षाकाठी थोडं धान्य किंवा कपडा. त्याला शाळेत बसवायचं तर गुरं कोणी बघायची, आणि घरात त्याचं जेवण कुठून यायचं? सक्तीच्या शिक्षणाचे कायदे या प्रश्नापाशी येऊन गप्प होत. कोसबाडने त्याचं उत्तर काढलं ते असं की मुलगा जिथे दिवस काढतो तिथे मास्तरांनी जायचं. झाडाखाली बसायचं. गुरं चरताहेत, एक डोळा त्यांच्यावर, एक फळ्यावर. फळा, पाट्या, गोष्टींची पुस्तकं, खेळाचं सामान हे सगळं मास्तर बरोबर नेणार. मोजायला गुरं आहेत, ओळखायला झाडं आहेत, लिहायला माती आहे. कंटाळा आला तर ओढा आहे. हीच कुरणशाळा.

१९४५मध्ये ज्या गवतावरून गोळी चालली, तेच हे कुरण. मला कोसबाडच्या साऱ्या प्रयोगांत हा सर्वांत मोठा वाटतो, आणि एकाच कारणासाठी. बाकी सगळ्या शाळा मुलाच्या आयुष्यातला एक तुकडा मागतात. कुरणशाळेने काही मागितलं नाही. तिने त्याचा दिवस जसा होता तसा धरला. त्यातली त्रुटीही तितकीच उघड आहे. गुरं राखणाऱ्या मुलाला गुरं राखत असताना शिकवणं म्हणजे त्याचं गुरं राखणं मान्य करणं. मालकाला ही शाळा अडचणीची नव्हती. पोराची मजुरी सुटायची तर त्याच्या बापाची मजुरी वाढायला हवी होती, आणि ते काम टेकडीवरच्या शिक्षिका करत नव्हत्या. ते लाल बावटा करत होता. म्हणून मी सुरुवातीला दोन कपाटांबद्दल बोललो.

दूर देशातलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या नॅव्हाहो लोकांच्या भूमीत १९६६ साली रफ रॉक नावाच्या गावी एक शाळा निघाली. तोपर्यंत तिथली मुलं सरकारी वसतिगृहांत दूर नेली जात आणि त्यांची भाषा त्यांच्या तोंडून काढून टाकली जाई. रफ रॉकला गावाने निवडलेलं मंडळ शाळा चालवू लागलं. मंडळातल्या अनेकांनी स्वतः शाळेचं तोंड क्वचितच पाहिलं होतं. वर्गात नॅव्हाहो भाषा आली, म्हातारे गोष्टी सांगायला आले. पैसा सरकारचा, निर्णय गावाचा. पुढे १९९१मध्ये मिनेसोटा राज्याने कायदा करून ज्या 'चार्टर' शाळा सुरू केल्या त्याही सरकारी पैशावर पण स्वतःच्या कारभाराने चालणाऱ्या, आणि मूळ रहिवाशांच्या अनेक वस्त्यांनी त्या वाटेने आपापल्या शाळा काढल्या.

आपल्याकडे सरकारी पैसा आणि खासगी कारभार ही जोडी नवी नाही. महाराष्ट्रातल्या अनुदानित संस्था त्यावरच उभ्या आहेत. प्रश्न इतकाच की मंडळावर कोण बसतं. कोसबाडची संस्था आदिवासींसाठी होती, जीव ओतून होती, पण ठरवणारी माणसं पुण्या-मुंबईची होती. भाषाही त्यांचीच. घरात वारली बोलणारं पोर पाटीवर प्रमाण मराठी गिरवत होतं. ताराबाई-अनुताईंना बोलीचं भान नव्हतं असं नाही. पण वारली बोली ही शिकवायची भाषा होऊ शकते, इथवर तो विचार त्या पिढीत पोचला नाही.

रफ रॉकच्या जवळ जाणारं काही असेल तर ते डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, तलासरीत. १९६०मध्ये भाषावार राज्यं झाली तेव्हा उंबरगाव तालुका चिरला गेला. उंबरगावसह मोठा भाग गुजरातेत, उरलेली गावं महाराष्ट्रात, आणि त्यांचा तलासरी तालुका झाला. इथे दहांतले नऊ जण आदिवासी. उठावातून तयार झालेल्या पिढीने इथे आदिवासी प्रगती मंडळ उभं केलं. शाळा, वसतिगृह आणि पुढे महाविद्यालय. त्या महाविद्यालयाला नाव गोदावरी परुळेकरांचं. याच पिढीतले वारली कार्यकर्ते लहानू कोम १९७७मध्ये डहाणूतून लोकसभेवर गेले. वहीवरचा हिशेब वाचता न येणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने स्वतःची वही उघडली, ती अशी.

तलासरीची आणखी एक गंमत आहे. एवढ्याशा गावात लाल बावट्याची शाळा आहे, जेझुइटांचं ज्ञानमाता सदन आहे आणि वनवासी कल्याणवाल्यांचं केंद्रही आहे. तिघांचे देव वेगळे, झेंडे वेगळे, भांडणं जुनी. तिघांनाही एकच कळलं होतं, की या भागात माणसं मिळवायची तर आधी वसतिगृह काढावं लागतं. त्यातून मुलांचा फायदाच झाला. एका घरातला एक भाऊ इथे, दुसरा तिथे, अशी घरं निघाली.

इकडे कोसबाडला मानसन्मान येत गेले. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि देशभर अंगणवाड्या निघाल्या. शब्द गेला, अंगण मागे राहिलं. सरकारी अंगणवाडी म्हणजे एक खोली, एक वजनकाटा, सुकडीची पोती आणि रजिस्टरं. अंगणवाडी सेविकेला मी दोष देत नाही. जितकी रजिस्टरं तिला भरावी लागतात तितकी ताराबाईंना भरावी लागली असती तर बोर्डीचं काम महिन्याभरात बंद पडलं असतं.

अनुताई थांबल्या नाहीत. १९८२च्या सुमारास, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी दाभोणला ग्राममंगल सुरू केलं. रमेश पानसे यांनी ते पुढे नेलं आणि डहाणूतल्याच ऐने गावी मुक्तशाळा उभी राहिली. परीक्षेऐवजी मुलाच्या शिकण्याकडे बघणाऱ्या शाळा हल्ली शहरांत लाखांच्या फीने चालतात. ऐनेची ही शाळा पाड्यांतल्या मुलांची. अनुताईंना १९८४मध्ये पद्मश्री मिळाली, १९८५मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. गोदावरीबाई त्यानंतर चार वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९९६ला. १० ऑक्टोबरच्या, तलवाड्याच्या हुतात्मा दिनाला तेव्हा दोन दिवस उरले होते.

कुरणं आता फारशी राहिली नाहीत. बरेच तबेले मुंबईतून हटले, गवताचा व्यापार आटला, बऱ्याच जमिनींवर चिकूच्या वाड्या आणि कारखाने आले. गुराखी पोरंही कमी झाली. त्यांच्या जागी दुसरी आली. भात झोडून झालं, दिवाळी सरली, की पाडे रिकामे होतात. माणसं वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात, आणि पोरं त्यांच्याबरोबर. भट्टीवर राहायला जे खोपट बांधतात त्याला 'भोंगा' म्हणतात. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच शाळा भरवल्या, त्यांना भोंगाशाळा म्हणू लागले. कुरणशाळेचंच ते पुढचं पाऊल होतं. मूल जिथे आहे तिथे मास्तर.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी, २००९ साली, शिक्षण हक्काचा कायदा आला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. बोर्डीच्या अंगणात ताराबाईंनी ज्या मुलांपासून सुरुवात केली होती, ती सहाच्या आतली. ती या कायद्याच्या बाहेर आहेत. आणि जी आत आहेत, त्यांतली पुष्कळ दिवाळीनंतर वर्गात नसतात.